पॉइंट बत्तीस, बारा बोअर आणि वस्तीवरची रात्र

महूद, कोळा, घेरडी भागातल्या बचत गटांच्या बैठकीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतोय. वस्तीवर राहणाऱ्या बायका विचारतात, "रात्रीची लाइट आली की मालक डाळिंबाला पाणी द्यायला जातात. घरात आम्ही, सासूबाई आणि लेकरं. परवान्याची बंदूक घ्यावी का? आणि घ्यायची तर कितव्या नंबरची?" ज्या बाईला रात्रभर झोप लागत नाही, तिचा हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी नंबर म्हणजे काय ते बघू. बोअर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं साडेसहा इंची बोअरवेल येते. बंदुकीचंही तसंच आहे, नळीचं भोक केवढं ते नंबर सांगतो. पॉइंट बत्तीस म्हणजे इंचाच्या शंभर भागांतले ३२, साधारण ८ मिलिमीटर. आपल्या ठिबकची १६ मिलिमीटरची नळी असते, तिच्या निम्मं. पॉइंट बावीस त्याहून बारीक, साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. नऊ एमएमचं माप नावातच आहे. गावातल्या जुन्या बारा बोअर बंदुकीचा हिशेब मात्र उलटा. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. तिचं भोक साडेअठरा मिलिमीटर भरतं. म्हणजे इथं नंबर मोठा तसं भोक लहान.

आता कितवा घ्यायचा? खरं सांगायचं तर ही निवड आपल्याकडं कायद्यानं आधीच करून ठेवलीय. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम पाहिले, तर फौज-पोलिसांची काडतुसं ज्यात चालतात ती नऊ एमएमसारखी हत्यारं 'प्रतिबंधित बोअर' धरली जातात. त्यांचा परवाना दिल्लीचं गृह मंत्रालय देतं, आणि तो तुम्हा-आम्हाला मिळणारा नव्हे. सिनेमातलं पिस्तूल सिनेमातच राहू द्या. साध्या माणसाला रिव्हॉल्व्हर मिळतं ते बहुतेक पॉइंट बत्तीसचं, नाहीतर पॉइंट बावीसचं. मोठ्या गोळीचा मार जास्त, हे खरंच. पण तिचा हाताला धक्काही जास्त बसतो, आणि हत्यार जितकं हलकं तितका तो अधिक जाणवतो. सराव नसलेल्या हातातून सुटलेली मोठी गोळी भलतीकडं जाते. वस्तीवर पत्र्याची भिंत असते. गोळी त्यातून पार होते, आणि पलीकडच्या खोलीत लेकरं झोपलेली असतात.

बायकांसाठी म्हणून सरकारी कारखान्यानं एक रिव्हॉल्व्हर काढलंही होतं. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये त्या मुलीवर अत्याचार झाला, लोकांनी तिला निर्भया म्हटलं. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्यानं 'निर्भीक' बाजारात आणलं. पॉइंट बत्तीसचं, सहा गोळ्यांचं, वजनाला अर्ध्या किलोच्या आसपास, पर्समध्ये मावेल असं. किंमत होती एक लाख बावीस हजारांच्या वर. दहा बायकांच्या गटानं महिना दोनशे रुपये टाकले तर वर्षाला २४,००० जमतात. म्हणजे पूर्ण गटाची पाच वर्षांची बचत आणि एक रिव्हॉल्व्हर! काडतुसं वेगळी.

पैशाचं सोडा. परवान्यासाठी वय २१ पूर्ण लागतं, जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, पोलिस ठाण्याची चौकशी, डॉक्टरांचा दाखला, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, शिवाय ते कुलपात नीट ठेवू याची हमी. परवाना माणसाला मिळतो, घराला नाही. निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा करायचा आदेश येतो, हे गावातल्या परवानेवाल्यांना विचारा. आणि कुणी 'गावठी कट्टा आणून देतो' म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. विनापरवाना हत्यारासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद आहे.

पण आम्हाला खरी काळजी आहे ती वेगळीच. परवाना बाईच्या नावावर निघेलही, पण कपाटाची चावी कुणाकडं राहणार? जमिनीचा उतारा आपल्या नावावर आणि व्यवहार दुसऱ्याच्या हातात, बँकेचं पासबुक आपलं आणि पैसे काढणार दुसरा, हे आपण घरोघरी बघतो. बंदुकीचंही तेच होईल. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहातले नऊहून जास्त आरोपी बाईच्या ओळखीचे असतात, असं सरकारी आकडेवारी वर्षानुवर्षं सांगतेय. ज्या घरात दारू पिऊन मारहाण होते, तिथं बंदूक आली तर ती चोरावर रोखली जाण्याआधी कुणावर रोखली जाईल? रागाच्या आणि निराशेच्या एका क्षणाला हाताशी हत्यार नसलेलंच बरं.

मग मार खायचा का? मुळीच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम ३४ ते ४४ मध्ये, स्वसंरक्षणाचा हक्क आहे. जुन्या दंडसंहितेतही तो होताच. बलात्काराच्या किंवा अॅसिड फेकण्याच्या इराद्यानं कुणी अंगावर आला, आणि त्याला अडवताना त्याचा जीव गेला, तरी तो गुन्हा धरला जात नाही. हातात काठी होती, खुरपं होतं की रिव्हॉल्व्हर, याला कायद्यात महत्त्व नाही. गरजेपुरतीच इजा करायची एवढी अट आहे. माणूस खाली पडला, धोका टळला, आणि त्यानंतर घातलेला घाव मात्र बचावात बसत नाही.

मिरचीच्या स्प्रेला परवाना लागत नाही. तो घेतलात तर वाऱ्याची दिशा बघून मारा, नाहीतर आपल्याच डोळ्यांत जाईल. डब्यावरची मुदतीची तारीखही बघा, औषधासारखी तीही संपते. पण वस्तीवर एकटीच्या हातातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा शेजारच्या चार वस्त्या जाग्या होणं आम्ही जास्त मोलाचं मानतो. ग्रामसुरक्षा यंत्रणेत नाव नोंदलेल्या माणसानं एक फोन केला की गावातल्या नोंदलेल्या सगळ्या मोबाइलवर त्याचा आवाज जातो. बऱ्याच गावांत नोंदणी झालीय ती फक्त पुरुषांच्या नंबरांची, आणि तो पुरुष तर मोटारीवर गेलेला असतो! आपल्या गावात ही यंत्रणा आहे का ते पोलिस पाटलांना विचारा. असेल तर घरात राहणाऱ्या बाईचा नंबर त्यात घालायला लावा.

पुढच्या बैठकीला सगळ्याजणी आपापला मोबाइल घेऊन या. ११२ हा मदतीचा नंबर आहे. पुष्कळ स्मार्टफोनवर चालू-बंदचं बटण लागोपाठ तीनदा दाबलं की तो लागतो, साध्या फोनवर पाच किंवा नऊचं बटण दाबून धरावं लागतं. काही फोनवर ही सोय आधी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. ते एकमेकींच्या फोनवर बघून घेऊ. लागतो का बघायचं म्हणून ११२ ला उगाच फोन मात्र करू नका, तेवढ्या वेळात खरी अडचण असलेली बाई ताटकळत राहते.