गावात पाऊस नाही, तरी भीमेला पूर कसा येतो?

शिरूर/दौंड : आभाळ कोरडं, अन् सकाळी बघावं तर नदी काठ सोडून उसात शिरलेली. भीमाकाठच्या शेतकऱ्याला हे नवं नाही. पण हे पाणी येतं कुठून?

पुराचा विषय निघाला की जुनी माणसं अजून पानशेतचं नाव घेतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं. काम पूर्ण झालं नव्हतं, तरी त्यात पाणी साठवलं होतं. त्याच दिवशी खालचं खडकवासलाही फुटलं. पुण्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण मुठेचं पाणी पुण्यात थांबत नाही. ते मुळा-मुठेतून दौंड तालुक्यात येतं आणि वाळकी-रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं.

आजही वाट तीच आहे. मावळ-मुळशीच्या घाटात पाऊस कोसळला की खडकवासला, मुळशी, पवना या धरणांचं पाणी मुळा-मुठेत येतं. चासकमान, भामा आसखेडचं पाणी भीमेतून येतं. दोन्हीकडून एकाच वेळी सोडलं, तर राहू बेटाच्या दोन्ही अंगांना नदी फुगते. भीमा भरून वाहत असली की मुळा-मुठेला पुढं जायला जागा मिळत नाही. मग पाणी तुंबून ओढ्यांतून मागं रानात शिरतं. म्हणून नदीपासून लांब असलेलं शेतही बुडतं.

क्युसेक म्हणजे किती?
एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. ३५ हजार क्युसेक सोडले, म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळपास शंभर टँकर नदीत ओतले!

एवढं करा
खडकवासल्यातून सोडलेलं पाणी आपल्यापर्यंत यायला काही तास लागतात. तेवढाच वेळ आपल्या हातात असतो.
• विसर्ग वाढल्याचा मेसेज आला की उजेड आहे तोवर, आधी लाइट बंद करून मोटार, केबल, स्टार्टर वर घ्या.
• जनावरं उंचावर बांधा.
• पुलावरून पाणी जात असेल तर गाडी घालू नका.
• पाणी चढल्यावर, रात्रीच्या अंधारात मोटारीसाठी नदीत उतरू नका. मोटार दुसरी घेता येते.
• अडचण आली तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करा.

घरातल्या म्हाताऱ्यांना एकदा विचारा, मोठ्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं. ती खूण पोरांनाही दाखवून ठेवा.