मांडवीच्या वळणावरील मानस

गोव्यातील मांडवी नदी समुद्र जवळ येताच संथ होते. जुन्या गोव्याच्या परिसरात ती वळसे घेत दिवाडी व चोडण या बेटांना कवेत घेते. दिवाडीची गावे लहान. घरे टेकडीच्या उतारावर, आणि पायथ्याची भातशेते मात्र भरतीच्या पातळीहून खाली! भरतीसरशी समुद्राचे खारे पाणी नदीत दूरवर चढते. मग येथे भात पिकावे कसे?

याचे उत्तर पूर्वजांनी चिखल, गवत व जांभा दगड यांनी दिले. नदीकाठी बांध घालून त्यांनी ही जमीन पाण्यापासून सोडवून घेतली. अशा जमिनीस खाजण म्हणतात. बांधात लाकडी झडपांची मोरी असते. तिचे नाव मानस. ओहोटीला आतील पाण्याच्या रेट्याने झडप बाहेर उघडते व शेतातील पाणी नदीत जाते. भरतीला नदीचेच पाणी तीच झडप दाबून मिटविते. उन्हाळ्यात मुरलेले मीठ पहिल्या पावसाने धुऊन जाते, आणि उरलेला खारेपणा कोरगूट हे जाडे भात सोसते.

या वळणाचा इतिहासही मोठा आहे. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचे दिवाडीचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडल्यावर देव पैलतीरी नार्व्यास गेला, आणि तेथील देवालयाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी करविला. राजवटी बदलल्या, बांधांची निगा मात्र गावकरीच, म्हणजे पुढची कोमुनिदाद, वाहत राहिली. मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावाने देत, व त्या पैशातून डागडुजी होई.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यास संरक्षण मिळाले, हे न्याय्यच झाले. बांधांचा भार पुढे कुळांच्या संघांवर आला. पण अनेक गावी शेती परवडेनाशी झाल्यावर या सामाईक कामास माणसे मिळेनात. शिवाय मानस मक्त्याने घेणाऱ्यास मासे हवेत, म्हणजे खारे पाणी आत यावयास हवे. शेतकऱ्यास तेच पाणी नको. झडप रात्री कोणी उघडी ठेवली, यावरून गावागावांत तंटे झाले आहेत.

बांधास भगदाड पडून खारे पाणी जमिनीत मुरले, तर एका पावसाळ्याने मीठ निघत नाही. शेत पडीक राहते, आणि भरतीबरोबर वाहत आलेली तिवराची रोपे तेथे रुजतात. तिवराचे वन एकदा वाढले, की सरकारी परवानगीवाचून ते तोडता येत नाही.