राखीव दोन, बाकीच्यांचं काय?

विटा नगरपालिकेत निम्म्या जागा महिलांच्या. 2011 पासून तसा कायदाच आहे. सहकारी संस्थेत मात्र 21 जणांच्या संचालक मंडळातही महिलांसाठी राखीव जागा दोनच. ‘बायकांना हिशेब जमेल का?’ ही शंका जुनीच. तिचं उत्तर जवळच्या माण तालुक्यात, म्हसवडला मिळालं. सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला-सिन्हा यांच्यासोबत बँक काढायला निघालेल्या बायका अंगठा उठवतात म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. मग त्या लिहायला शिकल्या. पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि साहेबांनाच विचारलं, की व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमची माणसं कॅल्क्युलेटरशिवाय काढतील का? 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उघडली. मग संचालक मंडळात दोनच जागांवर का थांबायचं? राखीव नसलेल्या सर्वसाधारण जागेवर अर्ज भरायला बाईला कोणताच कायदा अडवत नाही.