झाशीत स्वसंरक्षणासाठी लहान शस्त्र निवडताना

केंद्रीय गृह मंत्रालयाने ३१ डिसेंबर २०१६ च्या स्थितीवरून दिलेल्या आकडेवारीनुसार देशातील सुमारे ३३ लाख ७० हजार शस्त्रपरवान्यांपैकी १२ लाख ७७ हजारांहून अधिक परवाने एकट्या उत्तर प्रदेशात होते. महाराष्ट्रात त्या वेळी ही संख्या ८४ हजारांच्या आसपास होती. झाशी ज्या बुंदेलखंडात मोडते, तेथे खांद्यावरची बंदूक ही घराण्याच्या प्रतिष्ठेची खूण मानण्याची रीत जुनी आहे. शहरात सराफी, ठेकेदारी किंवा रोख रकमेची ने-आण करणाऱ्या माणसाला मात्र अशी बंदूक दैनंदिन व्यवहारात उपयोगी पडत नाही, आणि त्यामुळे कपड्यांखाली सामावेल, ऐन वेळी दगा देणार नाही आणि खिशाला परवडेल, अशा लहान शस्त्राचा तो विचार करू लागतो. या तिन्ही अपेक्षा रास्त असल्या तरी झाशीत त्यांची सुरुवात दुकानातून होत नाही, ती जिल्हाधिकारी कार्यालयातून होते.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी उत्तर हिंदुस्थानात लोकांची शस्त्रे काढून घेतली आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत शस्त्रबंदीचा कायदा देशभर कायम केला. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत मात्र त्याला स्थान मिळाले नाही. आजचा १९५९ चा शस्त्र कायदा परवान्याला हक्क मानत नाही. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते, पोलिसांचा चौकशी अहवाल यावा लागतो आणि शस्त्राची खरी गरज असल्याचे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील शस्त्रांची कमाल मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांची झाली.

शस्त्र झाकून बाळगण्याबाबत २०१६ चे शस्त्र नियम पुरेसे स्पष्ट आहेत. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचे असेल तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये, म्हणजे त्या शस्त्रासाठीच घडवलेल्या म्यानात, अथवा पिशवीत असले पाहिजे, पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात राहिले पाहिजे. शस्त्र मिरवणे, उगारणे आणि सार्वजनिक ठिकाणी हवेत बार काढणे निषिद्ध आहे. लग्नाच्या वरातीत होणाऱ्या ज्या गोळीबाराला उत्तरेत हर्ष फायरिंग म्हणतात, त्याने इतरांचा जीव धोक्यात आल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कमरेचे शस्त्र लोकांना दिसावे अशी ज्याची इच्छा आहे, त्याची निवड येथेच चुकली असे म्हणावे लागते.

झाशीच्या रहिवाशाला आणखी एक गोष्ट विशेष जपावी लागते. हा जिल्हा मध्य प्रदेशाने बऱ्याच बाजूंनी वेढलेला आहे. रामराजाच्या दर्शनासाठी लोक सहज जातात ते ओरछा झाशी शहरापासून जेमतेम १५-२० किलोमीटरवर असले तरी निवाडी जिल्ह्यात, म्हणजे दुसऱ्या राज्यात येते, आणि पीतांबरा पीठाचे दतियाही तसेच. परवान्यावर वैधतेचे क्षेत्र लिहिलेले असते. ते उत्तर प्रदेशापुरते असेल, तर कमरेला शस्त्र ठेवून ओरछ्याला जाणारा माणूस नकळत गुन्हा करून बसतो.

यानंतर प्रश्न येतो तो नळीच्या व्यासाचा, ज्याला व्यवहारात बोअर म्हणतात आणि जो मुख्यतः इंचाच्या शतांशांत मोजतात. ९ मिलिमीटर, .३८ अशी सैन्य आणि पोलिसांची मापे सामान्य नागरिकाला मिळत नाहीत; त्याच्या वाट्याला मुख्यतः .३२ आणि .२२ ही मापे येतात. परदेशी शस्त्रांची खासगी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद असल्याने त्यापूर्वी देशात आलेली जुनी वेब्ली किंवा वॉल्थर पिस्तुले हातोहात फिरतात आणि त्यांना गुणवत्तेपेक्षा दुर्मिळतेमुळे भारी किंमत येते. अशा जुन्या शस्त्राचे सुटे भाग मिळणे कठीण असते, हे लक्षात घेता नावाच्या मोहाने केलेली ती खरेदी शहाणपणाची ठरत नाही.

देशी पर्यायांत सरकारी आयुध निर्माण्यांचा वाटा मोठा आहे. कानपूरचे .३२ चे जुने रिव्हॉल्व्हर बिजागरीवर मधोमध मोडून भरावे लागते. त्याच घडणीचे पण मिश्रधातूने हलके केलेले, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे 'निर्भीक' जानेवारी २०१४ मध्ये मुख्यतः स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आले आणि त्याची तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये होती. इशापूरच्या रायफल फॅक्टरीने त्यानंतर .२२ बोअरचे, जेमतेम २५० ग्रॅमचे 'निडर' काढले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माण्यांच्या कंपन्या झाल्यावर कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' हे रिव्हॉल्व्हर आणले, ज्याचे गोळ्यांचे फिरते सिलिंडर बाजूला उघडते. त्याची एकूण लांबी १७७.६ मिलिमीटर, नळी ७६ मिलिमीटर आणि वजन ७०० ग्रॅमच्या आसपास आहे. 'अशनी' हे .३२ चे पिस्तूल मॅगझिनचे, म्हणजे गोळ्यांच्या सुट्या पेटीचे आहे. हरदोई जिल्ह्यात वेब्ली अँड स्कॉटच्या नावाने खासगी उत्पादनही २०२० पासून सुरू झाले. परवडण्याचा हिशेब करताना कर विसरू नये: पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्क्यांवर गेला आहे, म्हणजे एक लाख रुपये मूळ किंमत असेल तर ग्राहकाला एक लाख चाळीस हजार मोजावे लागतात.

रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल, हा निवडीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या सिलिंडरच्या सहा घरांत बसतात. चाप ओढला की घोडा मागे जातो, सिलिंडर एक घर फिरते आणि घोडा पडून बार उडतो. एखादे काडतूस फुसके निघाले तर चाप पुन्हा ओढताच पुढचे घर समोर येते. पिस्तुलात मॅगझिनची स्प्रिंग गोळी वर ढकलते, बार उडाल्यावर वरचा सरकता भाग मागे जाऊन रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि परतताना नवी गोळी नळीत सारतो. या साखळीत स्प्रिंग ढिली पडली, मॅगझिनचे ओठ वाकले, धूळ साचली किंवा मनगट सैल राहिले, तर शस्त्र अडकते आणि ते मोकळे करायला सरावाचे हात लागतात. पिस्तूल चपटे असल्याने कपड्यांखाली ते चांगले लपते, हे खरे. परंतु वर्षातून क्वचितच गोळी झाडणाऱ्या माणसासाठी, पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाणाऱ्या उन्हाळ्यात घाम आणि धूळ यांत कमरेला राहणाऱ्या शस्त्राच्या बाबतीत, बाजूला उघडणारे .३२ चे रिव्हॉल्व्हर हाच अधिक खात्रीचा पर्याय आहे. रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो, ही त्याची उणीव. पण अंगावर बाळगायच्या शस्त्राचा चाप जड असणे हे त्याच्या सुरक्षिततेचेही एक अंग आहे.

.३२ ची ताकद मर्यादित आहे, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पिस्तुलाची सुमारे ४.६ ग्रॅमची गोळी नळीतून बाहेर पडताना जी ऊर्जा घेऊन जाते, ती ९ मिलिमीटरच्या गोळीच्या साधारण एक तृतीयांश असते, आणि रिव्हॉल्व्हरची गोळी जड असूनही संथ असल्याने तिच्याही पुढे जात नाही. .२२ त्याहून दुबळे आहे. केवळ हलके म्हणून ते घेणाऱ्याने हे जाणून घ्यावे. 'प्रबल'च्या जाहिरातीत सांगितलेल्या पन्नास मीटरच्या पल्ल्याला येथे फारसा अर्थ नाही, कारण स्वसंरक्षणाचा प्रसंग बहुधा काही पावलांच्या अंतरावरच येतो. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांची काडतुसे वेगळी असतात आणि .३२ हा आकडा सारखा असला तरी ती एकमेकांच्या जागी वापरायची नसतात. काडतुसाच्या बुडावर दिसणारी 'केएफ' ही खूण पुण्याजवळच्या खडकीच्या, १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्याची आहे. जुनी, ओल लागलेली काडतुसे वर्षानुवर्षे सिलिंडरमध्ये ठेवणे हे शस्त्र ऐन वेळी न चालण्याचे एक टाळता येणारे कारण आहे.

दुकानात शस्त्र रिकामे असल्याची स्वतः खात्री करून काही गोष्टी पाहता येतात. घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढला असता सिलिंडरचे प्रत्येक घर नळीसमोर येऊन घट्ट थांबले पाहिजे. चाप दाबून धरल्यावर सिलिंडर बाजूला डुगडुगता कामा नये. नळी आणि सिलिंडर यांमधील फट सर्व घरांसमोर सारखी दिसली पाहिजे. बिजागरीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये खटका झिजलेला असेल तर ते सोडून द्यावे. शस्त्र हातून पडले तरी घोडा काडतुसावर आदळणार नाही अशी अडसर यंत्रणा आहे का, हे विचारावे. शस्त्रावरील क्रमांक परवान्यावर नोंदल्या जाणाऱ्या क्रमांकाशी अक्षरशः जुळवून घ्यावा.

स्वस्ताईच्या नावाखाली बुंदेलखंडात कट्टा, म्हणजे बेकायदा गावठी पिस्तूल, सहज सुचवला जातो. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे, आणि पाण्याच्या नळापासून बनवलेली ती नळी झाडणाऱ्याच्याच हातात फुटू शकते. उत्तर प्रदेशातील अशा शस्त्रांच्या प्रमाणाची सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती.

शस्त्राच्या किमतीत चांगल्या होल्स्टरची, सरावाच्या काडतुसांची आणि भिंतीत पक्क्या बसवलेल्या कुलूपबंद पेटीची किंमत धरलीच पाहिजे. परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, पण त्या प्रशिक्षणावर थांबलेला माणूस दोन वर्षांत सारे विसरतो. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांनी दिलेला बचावाचा हक्क धोक्याच्या प्रमाणातच वापरता येतो आणि झाडलेल्या प्रत्येक गोळीचा जाब न्यायालयात द्यावा लागतो, हेही त्याने एकदा वकिलाकडून नीट समजून घ्यावे. घरात लहान मुले असतील, कुणी नैराश्याने ग्रासलेले असेल, किंवा नियमित सराव करणे शक्य नसेल, तर झाशीतील वाचकाने परवान्याचा अर्ज न करता चांगला दरवाजा, कॅमेरा आणि रोख रकमेसाठी बँकेचा मार्ग यांवर तेच दीड-दोन लाख रुपये खर्च करावेत.