वसुबारस आणि सुतळी बाँब

वसुबारसेला गाय-वासराच्या पायांवर पाणी घालायचे आणि तीनच दिवसांनी गोठ्यामागे सुतळी बाँब लावायचा, हा कोणता धर्म? सिल्वासातील सुज्ञांना आम्ही हे विचारतो. माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत आवाजी फटाके सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच वर्ज्य केले; नरकचतुर्दशीच्या पहाटे मात्र त्याचे स्मरण कोणाला असते? कुत्र्याला दिवेलागणीपूर्वी फिरवून आणावे, खिडक्या लावून आतल्या खोलीत ठेवावे. खाटेखाली दडल्यास ओढून काढू नये; गुंगीचे औषध पशुवैद्याला विचारल्याविना देऊ नये. दावणीच्या गुराला तर दडायलाही जागा नसते. त्याच्यासाठी शेजाऱ्यानेच फटाके दूर मैदानात न्यावेत.