बोटभर नळीचा कारभार

पुण्याकडून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर माझ्या गाडीचा दम गेला. पॅडल तळाला टेकलं तरी इंजिन ढिम्म, मागून ट्रकवाले हॉर्न देतायत आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा. गाडी कडेला घेतली, चावी बंद केली, मिनिटभराने पुन्हा चालू केली, तर गाडी ठणठणीत. पुढच्या वळणावर जरा जोर दिला की पुन्हा तेच. साताऱ्याला पोचेपर्यंत असं चार वेळा झालं.

परत आल्यावर एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. तिथल्या सल्लागाराने एक चक्कर मारली, "पिकअप नाही सर, टर्बो गेलाय," असं सांगितलं आणि नव्या टर्बोचं पाच आकडी एस्टिमेट हातात ठेवलं. मी ते घेऊन घरी आलो. पुढे एका लहान गॅरेजमध्ये अर्धा दिवस बसल्यावर खरा प्रकार कळला. टर्बो शाबूत होता. एवढंच काय, तो ठरल्यापेक्षा जास्त हवा इंजिनात कोंबत होता, आणि म्हणूनच गाडी मरगळत होती.

तक्रार एका टोकाची आणि कारण दुसऱ्या टोकाचं, हे टर्बोच्या गाड्यांमध्ये वरचेवर घडतं. ते का घडतं हे समजायचं तर टर्बोपेक्षा त्याच्या लगामाची ओळख करून घ्यायला हवी.

टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसवलेली दोन चाकं. सायलेन्सरकडे जाणारा तापलेला धूर एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जाळता येतं, आणि ताकद वाढते. विंटरटूरच्या आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. पण या यंत्रात एक मूळचीच अडचण आहे. धूर वाढला की चाक जोरात फिरतं, हवा वाढते, त्यामुळे धूर आणखी वाढतो. लहान गाडीचा टर्बो मिनिटाला लाखभर फेरे सहज ओलांडतो. त्याला मोकळा सोडला तर पेट्रोल वेळेआधी भडकून इंजिनात ठोके पडू लागतात आणि पिस्टन वितळायला वेळ लागत नाही. म्हणून हवा दाबायची कशी यापेक्षा ती कुठे थांबवायची हा प्रश्न मोटारगाड्यांच्या बाबतीत जास्त अवघड ठरला.

1962 साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर बाजारात आली. पेट्रोल ठोके देऊ नये म्हणून तिच्या इंजिनात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारलं जाई. त्यासाठी वेगळी टाकी होती, ती मालकाने भरत राहायची. टाकी रिकामी झाली की यंत्रणा दाब रोखून धरायची आणि गाडी सुस्त व्हायची. लोक टाकी भरायला विसरत. ही गाडी दोन वर्षंसुद्धा धड टिकली नाही.

स्वीडनच्या साब कंपनीने 1977 साली 99 टर्बो दाखवली तेव्हा विचार बदलला होता. टर्बो लहान घ्यायचा, म्हणजे तो रोजच्या वेगात लवकर जागा होईल, आणि नको तो धूर चाकाला वळसा घालून थेट सायलेन्सरकडे सोडायचा. त्या वळशाच्या तोंडावरची झडप म्हणजे वेस्टगेट. पुढे 1980च्या दशकाच्या सुरुवातीला, पेर गिलब्रांड यांच्या टर्बोवरच्या कामातून, साबने एपीसी नावाची यंत्रणा आणली. इंजिनच्या ब्लॉकवर ठोके ऐकणारा सेन्सर, हवेचा दाब मोजणारा दुसरा सेन्सर, एक इलेक्ट्रॉनिक पेटी आणि तिच्या हुकमाने उघडमीट करणारा विजेचा व्हॉल्व्ह. पेट्रोल हलकं भरलं तर पेटी ठोके ऐकून दाब उतरवायची, चांगलं भरलं तर वाढू द्यायची. ड्रायव्हरला काही करावं लागत नसे. मला या सगळ्या इतिहासात हीच पायरी सर्वांत मोलाची वाटते. कारण इथून पुढे इंजिन स्वतःची प्रकृती स्वतः ऐकू लागलं.

तो व्हॉल्व्ह हातात घेतला तर काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, काळ्या प्लॅस्टिकचा ठोकळा. एका बाजूला दोन पिनांचा प्लग, दुसऱ्या बाजूला तीन नळ्यांची तोंडं. साबच्या व्हॉल्व्हवर त्यांना सी, डब्ल्यू आणि आर अशी अक्षरं होती. सी म्हणजे कॉम्प्रेसर, इथून टर्बोने दाबलेली हवा येते. डब्ल्यू म्हणजे वेस्टगेट, इथून ती झडपेच्या अ‍ॅक्च्युएटरकडे जाते. आर म्हणजे परतीची वाट, टर्बोच्या आधीच्या नळीत जाणारी. अ‍ॅक्च्युएटर हा एक पत्र्याचा डबा असतो. त्यात पडदा आणि स्प्रिंग. दाब आला की पडदा स्प्रिंगला रेटतो, दांडा पुढे सरकतो आणि झडप उघडते.

आता पेटीची युक्ती बघा. व्हॉल्व्हला वीज नसेल तेव्हा सगळा दाब सरळ डब्याकडे जातो, झडप लवकर उघडते आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला दाब, किमान राहतो. वीज दिली की डब्याकडे जाणाऱ्या दाबातला थोडा परतीच्या वाटेने निसटतो. डब्याला वाटतं दाब अजून कमी आहे. झडप मिटलेली राहते, टर्बो जोर धरतो. पेटी सेकंदाला कितीतरी वेळा ही वीज देते आणि काढून घेते. देण्याचं प्रमाण वाढवलं की बूस्ट चढतो, घटवलं की उतरतो. वायर तुटली किंवा प्लग निघाला तर गाडी नुसती सुस्त होते, इंजिन वाचतं. ज्याने हे ठरवलं त्याने बिघाडाचा विचार आधी केला, यंत्र नंतर बनवलं.

फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांवर काम करणारे मेकॅनिक याच व्हॉल्व्हला एन-75 म्हणतात. तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेल्या ऑक्टाव्हिया आरएसच्या 1.8 लिटर टर्बो इंजिनावर तो होता. त्याच्या कॉइलचा रोध 25 ते 35 ओहमच्या दरम्यान भरायला हवा. तो मल्टीमीटरवर दोन मिनिटांत तपासता येतो.

माझी गाडी वेगळ्या कंपनीची, पण रचना हीच. लहान गॅरेजच्या काकांनी बॉनेट उघडण्याआधी स्कॅनर लावला. पी0234 असा कोड निघाला. "दादा, तुम्ही म्हणताय पिकअप नाही, आणि हा म्हणतोय बूस्ट जास्त झाला," काका म्हणाले. "पी0299 असता तर बूस्ट कमी. दोघांचा रस्ता वेगळा." मोठ्या वर्कशॉपमध्ये हाच कोड निघाला असणार. पण तो कुणी वाचून त्याचा अर्थ लावल्याचं दिसलं नाही. बूस्ट मर्यादेपलीकडे गेला की पेटी घाबरून इंजिनची ताकद तोडते, यालाच लिंप मोड म्हणतात. ड्रायव्हरला फक्त ताकद तुटलेली कळते. चावी बंद करून चालू केली की पेटी नव्याने सुरुवात करते, म्हणून खंबाटकीत गाडी दर वेळी बरी होत होती.

मग इंजिन बंद ठेवून त्यांनी नुसती चावी फिरवली आणि दाबाच्या सेन्सरचा आकडा वाचला. हा सेन्सर संपूर्ण दाब मोजतो, बाहेरच्या हवेचा धरून. इंजिन बंद असताना त्याने बाहेरचाच दाब दाखवला पाहिजे. समुद्रकाठी तो सुमारे 1010 मिलिबार, पुण्यात 950च्या आसपास, महाबळेश्वरला सुमारे 860. आमचा आकडा 948 आला. सेन्सर खरा बोलतोय हे ठरलं.

त्यानंतर रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पॅडल देऊन तीन रकाने नोंदवले. पेटीने मागितलेला दाब, प्रत्यक्ष आलेला दाब आणि व्हॉल्व्हला दिलेल्या विजेचं प्रमाण. मागणी 1700ची, प्रत्यक्षात काटा 2050वर. आणि विजेचं प्रमाण? शून्य. म्हणजे पेटीने लगाम पूर्ण खेचला होता, तरी घोडा थांबत नव्हता. पेटी निर्दोष होती. दोष पेटीपासून झडपेपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी होता.

व्हॉल्व्ह सोडवला. रोध बरोबर आला. बॅटरीचे 12 व्होल्ट दिल्यावर स्वच्छ टक्कन आवाज आला. वीज नसताना सी मधून फुंकलं तर हवा डब्ल्यूमधून बाहेर, वीज दिल्यावर डब्ल्यूमधून फुंकलं तर आरमधून. मग अ‍ॅक्च्युएटरला हातपंप लावला. दांडा पाव बारच्या पुढे हलू लागला आणि दाब धरून राहिला, म्हणजे पडदा फाटलेला नव्हता. राहिल्या नळ्या. परतीची नीट होती, डब्याकडचीही. टर्बोपासून व्हॉल्व्हपर्यंतची नळी, माझ्या मधल्या बोटाएवढी लांब, वरून एकदम नवी दिसत होती. पंप लावला तर काटा हळूहळू खाली. काकांनी ती क्लिपजवळ दुमडली, तेव्हा रबरावर नखाने ओरखडल्यासारखी एक चीर उघडली. नळी सरळ केली की चीर गायब.

टर्बोच्या उष्णतेने रबर कडक होतं आणि क्लिपच्या काठावर तडकतं. थंड असताना, दाब नसताना ते मिटून बसतं. घाटात दाब चढला की चीर उघडायची, डब्याकडे जाणारी हवा वाटेतच निसटायची, झडप उशिरा उघडायची आणि टर्बो मोकाट सुटायचा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची मनगटाएवढी जाड नळी फाटली तर दाबलेली हवाच वाया जाते आणि बूस्ट पडतो. पण ही बारीक नळी फाटली तर बूस्ट वाढतो. गळती दोन्हीकडे, परिणाम उलटे.

डिझेल गाड्यांत हिशोब पुन्हा फिरतो, आणि महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर टर्बोच्या डिझेल गाड्या भरपूर आहेत, म्हणून सांगतो. त्यांतल्या अनेकांत टर्बोच्या आत हलणारी पाती असतात आणि ती दाबाने न हलता व्हॅक्यूमने ओढली जातात. तिथे बारीक नळीला चीर पडली तर पाती मोकळी राहतात आणि गाडी खरोखरच कमी बूस्टवर चालते. पाती काजळीने मिटलेल्या स्थितीत अडकली तर बूस्ट जास्त होतो. त्यामुळे पेट्रोल गाडीवर शिकलेला नियम डिझेलवर डोळे झाकून लावू नये.

हौशी मुलं जपानच्या एचकेएस किंवा ग्रेड्डीसारख्यांचे वेगळे बूस्ट कंट्रोलर बसवतात, त्यांच्याही बहुतेक तक्रारी याच नळ्यांशी येऊन थांबतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की व्हॉल्व्ह झडपेजवळ पण उष्णतेपासून लांब बसवा, नळ्या आखूड ठेवा, आणि पहिली धाव कमीत कमी सेटिंगवर घ्या. अ‍ॅक्च्युएटरच्या स्प्रिंगपेक्षा कमी बूस्ट कुठलाही कंट्रोलर देऊ शकत नाही, तेव्हा आकडा खाली येत नसेल तर पेटीला दोष देऊ नका.

काकांनी उष्णता सोसणारी सिलिकॉनची नळी कापून बसवली, दोन्ही टोकांना नव्या क्लिपा लावल्या. नळी-क्लिपांचे मिळून दोनशे रुपयेही झाले नाहीत. मजुरी मात्र त्यांनी अर्ध्या दिवसाची घेतली, आणि ती त्यांना मिळायलाच हवी होती, कारण मी पैसे दिले ते शोधण्याचे. संध्याकाळी कात्रजच्या जुन्या घाटात पुन्हा तिसऱ्या गिअरमध्ये चढवली. मागणी 1700, प्रत्यक्ष 1690.

कुणी तुमच्या गाडीचा टर्बो बदलायला सांगितला, तर एस्टिमेटवर सही करण्याआधी हे दोन आकडे मागा, मागितलेला दाब आणि आलेला दाब. ते कागदावर लिहून मिळत नसतील, तर गाडी दुसरीकडे दाखवा.