चष्म्याचा नंबर आणि औषधाची चिठ्ठी

भोसरी ते चाकण या पट्ट्यात ग्राइंडर आणि वेल्डिंगवर असंख्य हात राबतात. कारखाने कायदा, १९४८च्या कलम ३५मध्येही डोळ्यांसाठी आडपडदा किंवा गॉगल पुरवण्याची तरतूद होती. तरीही लोखंडाचा कण डोळ्यात जातोच. कामगार आधी मेडिकलमध्ये जातो, मग चष्म्याच्या दुकानात, म्हणजे माझ्यासारख्या ऑप्टोमेट्रिस्टकडे.

चार वर्षांच्या पदवीत आम्ही डोळा तपासायला शिकतो. बुबुळावरचा ओरखडा मला दिसतो, पण त्यावरचा अँटिबायोटिक थेंब मी लिहून देऊ शकत नाही. औषध नियम, १९४५नुसार शेड्यूल ‘एच’मधली औषधे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकता येतात. २०२१च्या केंद्रीय कायद्याने ऑप्टोमेट्रिस्टांसह संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या शिक्षणाला आणि नोंदणीला चौकट दिली. परंतु त्या नोंदणीने कुणी डॉक्टर ठरत नाही.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. तिथे २००८पासून पात्र ऑप्टोमेट्रिस्ट स्वतंत्रपणे औषध लिहू शकतो. त्यासाठी पदवीनंतर औषधशास्त्राचे वेगळे शिक्षण, अनुभवी व्यावसायिकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णकाम आणि शेवटी परीक्षा द्यावी लागते. अधिकार मिळतो तोही डोळा व त्याच्या आसपासच्या भागापुरता. इंजेक्शने त्यात येत नाहीत.

हा अधिकार इथे लगेच द्यावा का? घाई नको, असे मला वाटते. लाल डोळ्याला स्टेरॉइडचा थेंब तात्पुरता आराम देतो. पण जखमेत बुरशी असेल तर तोच थेंब संसर्ग वाढवतो, आणि दीर्घकाळ वापरला तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. बधिरतेचा थेंब घरी नेऊन वारंवार घातला तर जखम भरतच नाही. औषध लिहिणे म्हणजे नाव आठवणे नव्हे. ते कधी लिहू नये आणि रुग्ण कधी पुढे पाठवावा, हे ओळखणे.

मात्र आजची व्यवस्था सुरक्षित आहे, असेही म्हणवत नाही. नेत्रतज्ज्ञाकडे जायचे तर दिवसाचा खाडा पडतो. म्हणून कंत्राटी कामगार शेजाऱ्याची उरलेली बाटली वापरतो. त्या थेंबामागे कुणाचीच तपासणी नसते, कुणाचीच जबाबदारीही नसते. मोजकी औषधे, कसून प्रशिक्षण, नेत्रतज्ज्ञाची देखरेख आणि प्रत्येक चिठ्ठीची नोंद, एवढ्यावर सुरुवात करता येईल. प्रश्न आमच्या मानाचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीनसमोर उभे राहणाऱ्याच्या नजरेचा आहे.